पोटातला चोरकप्पा

पोटात दुखू लागले की आपल्याकडे निदान आधी होते आणि तपासणी नंतर. ‘गॅस धरला’, ‘पित्त झाले’, ‘बेंबी सरली’, ‘काल पंगतीत काहीतरी बाधले’ यांपैकी एखादे वाक्य कानावर आल्याशिवाय महाड-पोलादपूरकडचा पोटदुखीचा रुग्ण आमच्या टेबलापाशी पोहोचतच नाही. गंमत म्हणजे ही घरगुती निदाने बहुतेक वेळा फारशी चुकत नाहीत आणि माणूस दोन दिवसांत कामाला लागतो. त्यामुळेच ती चुकतात तेव्हा कोणाच्या लवकर लक्षात येत नाही. आज ज्या आजाराबद्दल लिहितो आहे, तो असाच वर्षानुवर्षे ‘गॅस’ या नावावर खपून जातो. आजार दुर्मीळ आहे. एखाद्या सर्जनला सगळ्या कारकिर्दीत तो दोन-चार वेळाच भेटतो. तरी त्यावर अख्खा लेख लिहितो आहे, कारण रुग्णाच्या पोटावर तीन-चार बारीक छिद्रे पडणार की बेंबीच्या वर-खाली लांब चीर, हे या आजारात बऱ्याचदा रुग्ण घरातून किती वाजता निघाला यावर ठरते.

आजाराचे नाव पॅराड्युओडीनल हर्निया. हर्निया म्हटले की जांघेतला किंवा बेंबीवरचा फुगवटा डोळ्यांपुढे येतो. हा हर्निया मात्र बाहेरून दिसत नाही आणि हाताला सहसा लागत नाही. पोटाच्या आतल्या आत, पाठीकडच्या बाजूला एक खिसा असतो आणि लहान आतड्याचे वेढे त्या खिशात शिरून बसतात. जुन्या वाड्यांच्या भिंतीत दागिने ठेवायला चोरकप्पा असे; तोंड अरुंद आणि आत हात गेला की ऐसपैस जागा. हा खिसा नेमका तसा. आतडे आत सहज जाते, बाहेर यायला मात्र वाट अरुंद.

हा कप्पा येतो कुठून? ती गोष्ट जन्माच्या कितीतरी आधीची आहे. गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना आतडे इतक्या झपाट्याने वाढते की इवल्याशा पोटात ते मावत नाही. मग ते नाळेच्या मुळाशी बाहेर उतरते आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा आत येते. या जाण्यायेण्यात ते स्वतःभोवती एकूण पाऊण फेरा घेते, तोही घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. त्यानंतर मोठे आतडे चौकटीसारखे चारी बाजूंनी बसते आणि लहान आतडे मधल्या अंगणात मोकळे राहते. एवढा गुंतागुंतीचा प्रवास बहुतेकांच्या बाबतीत बिनचूक पार पडतो, याचेच मला अजून नवल वाटते. क्वचित कोणाच्या बाबतीत लहान आतड्याचे काही वेढे मोठ्या आतड्याच्या पडद्यामागे राहून जातात. पुढे पडदा पाठीला चिकटतो आणि मागे खिसा तयार होतो. चारांपैकी तीन वेळा हा खिसा डाव्या बाजूला असतो, आणि बायकांपेक्षा पुरुषांत हा प्रकार सुमारे तिप्पट आढळतो. प्रागचे शरीररचनाशास्त्रज्ञ ट्राइट्झ यांनी १८५७ मध्ये अशा लपलेल्या हर्नियांवर ग्रंथच लिहिला. शवविच्छेदनात शंभरातल्या साधारण दोघांच्या पोटात डाव्या बाजूचा हा खळगा सापडतो, असे सांगितले जाते. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. आतडे त्यात शिरले तर मात्र दुखणे सुरू होते.

आता हे दुखणे कसे असते ते सांगतो. आमची गावे लहान आहेत, एका तपशिलावरून माणूस ओळखला जातो. म्हणून दोन-तीन रुग्णांचे मिळून एक चित्र काढतो. चाळिशीतला सडपातळ शेतकरी. पोटाचे कधी ऑपरेशन झालेले नाही. विशीपासून पोटात अधूनमधून कळ येते, विशेषतः पोटभर जेवण झाल्यावर, बेंबीच्या वर डावीकडे. लग्नाची पंगत किंवा गणपतीतले मोदक त्याला हमखास महागात पडतात. तासा-दोन तासांनी उलटी होते किंवा आपोआप बरे वाटते, आणि मग महिनाभर काही नाही. पाय पोटाशी घेऊन एका कुशीवर पडले की आराम मिळतो, हे त्याचे त्यानेच शोधून काढलेले असते. पित्ताच्या गोळ्या दहा वर्षे चालू आहेत. मुंबईला नोकरी करणाऱ्या भावाने एकदा नेऊन एंडोस्कोपी केली, ती नॉर्मल. सोनोग्राफी दोनदा केली, तीही नॉर्मल. शेवटी कोणीतरी ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगितलेले असते, आणि घरातल्यांनाही वाटू लागते की हा जरा अतिच करतो.

तपासण्या नॉर्मल येण्याचे कारण साधे आहे. एंडोस्कोपीची नळी जठर आणि त्यापुढचा थोडाच भाग पाहते, खिसा त्याच्या पलीकडे. सोनोग्राफीच्या लहरींना आतड्यातली हवा अडवते. आणि दुखणे नसते त्या दिवशी आतडे कदाचित खिशातून बाहेर आलेले असते, म्हणजे दाखवण्यासारखे तिथे काही नसतेच. हा आजार पकडायचा तर दुखत असताना, शिरेतून औषध देऊन पोटाचा सीटी स्कॅन करावा लागतो. मग जठर आणि स्वादुपिंडाच्या आसपास आतड्याचे वेढे पिशवीत भरल्यासारखे एका पुंजक्यात दिसतात. अनुभवी रेडिओलॉजिस्टला ते चित्र लगेच ओळखता येते.

अशा दुखण्याचा काय भरवसा? हा हर्निया असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी आतड्याचा पुरता अडथळा होतो, असा अंदाज वैद्यकीय पुस्तकांत दिला जातो. त्या दिवशी कळ येते आणि जात नाही. उलट्या थांबत नाहीत, आणि त्यांचा रंग हिरवा-पिवळा होतो. इथे एक फसगत होते. अडथळा आतड्याच्या वरच्या भागात असल्याने पोट फारसे फुगत नाही, आणि खालच्या आतड्यात आधीचे जे असते ते बाहेर पडते. म्हणून नातेवाईक सांगतात, ‘सकाळी संडासला साफ झाली हो.’ झाली असेल. तरी वर अडथळा असू शकतो.

अडकलेल्या आतड्यात पाणी आणि वारा साठतो, ते फुगते, आणि फुगल्यामुळे खिशाच्या तोंडाशी आणखी आवळले जाते. आधी रक्त परत नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात, मग रक्त आणणाऱ्या धमन्या. रक्त पूर्ण थांबले की आतड्याचा तो भाग काही तासांत मरू लागतो. सारखी, न ओसरणारी वेदना, जलद नाडी, ताप, हात लावू न देणारे कडक पोट ही त्याची लक्षणे आहेत. तोवर गेलेल्या रुग्णाचे सडलेले आतडे कापून काढण्यावाचून पर्याय राहत नाही, आणि जिवालाही धोका असतो.

वेळेत पोहोचलेल्याचे काय होते? त्याच्यासाठी दुर्बीण आहे. मी सर्जन नाही, माझे काम ऑपरेशनच्या आधीच्या तासांचे. पण ही शस्त्रक्रिया पाहिली की वाटते, किती साधी आणि किती हुशारीची. पूर्ण भूल देतात. बेंबीजवळून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आत काम करायला जागा होते. एका छिद्रातून कॅमेरा, पाच मिलिमीटरच्या दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्याचे चिमटे. विहिरीतून दोर ओढावा तसे आतडे हळूहळू, एका चिमट्यातून दुसऱ्यात घेत खिशातून बाहेर काढतात. घाई अजिबात चालत नाही. फुगलेले आतडे ओल्या कागदासारखे असते, जोराने धरले तर फाटते. डाव्या खिशाच्या काठावरूनच एक मोठी शीर जाते, तिला सांभाळायचे असते. आतडे बाहेर आले, त्याचा रंग गुलाबी झाला, की खिशाचे तोंड टाके घालून बंद करतात किंवा उलट इतके रुंद करतात की त्यात पुन्हा काही अडकू नये. डाव्या बाजूच्या या हर्नियाची दुर्बिणीने केलेली पहिली शस्त्रक्रिया जपानी सर्जननी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. वीस फुटांचे आतडे हाताळायचे असल्याने दुर्बीण अशा कामाला यायला पित्ताशय आणि अपेंडिक्सपेक्षा उशीर लागला.

मात्र दुर्बिणीची एक अट असते. पोटात जागा हवी. आतडे फारच फुगले की वायू भरूनही कॅमेऱ्यासमोर नुसते फुगे दिसतात, चिमटा कुठे घालावा कळत नाही. रुग्ण उलट्यांनी कोरडा पडला असेल, रक्तदाब घसरला असेल, तर वायूचा दाब हृदयाला झेपत नाही. आतडे काळे पडले असेल तर बहुतेक सर्जन पोट उघडणेच पसंत करतात, आणि तेच शहाणपणाचे. म्हणजे आजार तोच, सर्जन तोच, यंत्रही तेच. सहाव्या तासाला आलेला माणूस तीन-चार दिवसांत चालत घरी जाऊ शकतो आणि तिसऱ्या दिवशी आलेल्याला अतिदक्षता विभागात ठेवावे लागते.

आमच्या भागात या तासांना वेगळी किंमत आहे. पोलादपूरच्या खोऱ्यांतल्या वरच्या वाड्यांवरून आधी पायवाट, मग मिळेल ती जीप, मग पोलादपूर, तिथून महाड, आणि मोठ्या ऑपरेशनची वेळ आली तर अलिबाग किंवा मुंबईचा रस्ता. महाडपासून अलिबाग शंभर किलोमीटरच्या वर, मुंबई सुमारे पावणेदोनशे. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही लिहीत नाही, वाचकांनी तो भोगलेला आहे. पावसाळ्यात आंबेनळी घाटात दरड आली की महाबळेश्वर-साताऱ्याची वाट बंद. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, महाड पाण्याखाली गेले, पोलादपुरातही दरडींनी माणसे गाडली. त्या दिवशी ज्याचे आतडे अडकले असेल त्याने कुठे जायचे होते, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो. भातलावणीच्या दिवसांत माणूस दुखणे अंगावर काढतो आणि रस्तेही त्याच दिवसांत बंद पडतात. म्हणून पावसाळ्यात ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य या आजारात फार महाग पडते.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेकडे ‘श्रीमंतांची सर्जरी’ म्हणून पाहणारे अजूनही भेटतात. भारतात या शस्त्रक्रियेची सुरुवात झाली ती मात्र भायखळ्याच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात, जिथे आपल्या कोकणातला चाकरमानी गेली कित्येक दशके उपचाराला जातो. डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ पासून पोटाच्या निदानासाठी दुर्बीण वापरली आणि १९९० मध्ये जे. जे. मध्येच पित्ताशयाची देशातली पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. जानेवारी २०२३ मध्ये ते गेले. गरीब रुग्णाला दुर्बिणीचा फायदा श्रीमंतापेक्षा जास्त होतो, या मताचा मी आहे. पगारी माणसाला महिनाभराची रजा मिळते. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढण चढणाऱ्या बाईला आणि नांगर धरणाऱ्या गड्याला ती कोण देणार? पोट उघडलेल्या माणसाला कित्येक आठवडे ओझे उचलू नका असे आम्ही सांगतो, आणि तो पंधराव्या दिवशी खतांची गोणी उचलतो. मग चिरेच्या जागी दुसरा हर्निया. छिद्रांच्या शस्त्रक्रियेत हा धोका पुष्कळच कमी.

तरीही तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयात दुर्बीण आणून ठेवा, असे मी म्हणणार नाही. दुर्बीण विकत घेता येते; रात्री दोन वाजता हजर असणारा भूलतज्ज्ञ विकत घेता येत नाही. पोलादपूर-महाडसारख्या ठिकाणी जे होऊ शकते, ते याहून स्वस्त आहे आणि तितकेच मोलाचे. नाकातून जठरात एक रबरी नळी घालायची, तिला आम्ही रायल्स ट्यूब म्हणतो. साठलेले हिरवे पाणी तिच्यातून बाहेर पडते, उलट्या थांबतात, पोट हलके होते. शिरेतून सलाईन, लघवीची नळी, पोटाचा उभ्याने एक्स-रे. अर्ध्या तासाचे काम. ही नळी घालून पाठवलेला आणि न घालता पाठवलेला रुग्ण, यांत पुढच्या सर्जनला जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. वरच्या रुग्णालयात दुर्बिणीला जागा मिळते ती कितीदा तरी खालच्या रुग्णालयातल्या या नळीने. लोकांना मात्र नाकातल्या नळीचा भारी राग. ‘नळी काढा, पेशंट घाबरतोय’ असे म्हणत चार माणसे खाटेभोवती उभी राहतात. घाबरू द्या थोडा, पण नळी राहू द्या.

वेळेचे महत्त्व पटायला आम्हा महाडकरांना बाहेरचे उदाहरण नकोच. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचवाच्या दंशाने इथली धडधाकट माणसे आणि मुले दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून आजार समजून घेतला, प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरात आणले, आणि औषध जितके लवकर मिळेल तितका जीव वाचतो हे जगाला दाखवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. आज लाल विंचू चावला की आमच्याकडची वाडी मांत्रिकाची वाट बघत नाही, गाडी बघते. पोटाच्या कळेला अजून ही घाई मिळालेली नाही, कारण विंचू दिसतो आणि आतला कप्पा दिसत नाही.

मग घरच्यांनी काय करावे? सारखी कळ आणि वारंवार उलटी, विशेषतः हिरवी, असेल तर तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. फार कोरड पडली तर चूळ भरू द्या. एरंडेल किंवा जुलाबाचे कोणतेही औषध देऊ नका, पुढे वाट बंद असताना मागून ढकलल्यासारखे ते होते. बेंबी बसवायला तेल लावून पोट चोळणाऱ्या आजीबाईंचा मान ठेवा, पण त्या दिवशी त्यांना बोलावू नका. दुखणे कमी करणारे इंजेक्शन घ्यायला हरकत नाही, ते घेऊन घरी परतायला आहे. १०८ ला फोन करा. आणि जांघेत कधी गाठ येत असेल तर डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगा. लाजेपायी पुष्कळजण ते लपवतात, आणि आतडे अडकण्याचे ते फार नेहमीचे कारण आहे. आधीच्या ऑपरेशनमुळे आतड्यांना आलेले चिकटे, पोटाचा क्षय, मोठ्या आतड्याचा कर्करोग ही आणखी काही कारणे. आम्ही आधी त्यांचाच विचार करतो. पोटावर जुना व्रण नाही, जांघ मोकळी आहे, तरी आतडे अडले आहे, असा रुग्ण समोर आला की मग चोरकप्प्याची आठवण होते.

पैशाच्या काळजीने निघायला उशीर करणाऱ्यांसाठी एवढेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वीच्या राजीव गांधी जीवनदायी या नावाने २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्याला भेटा. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घेता येते आणि कागद मागाहून आणता येतात, म्हणून कागद शोधण्यात रात्र घालवू नका.

आणखी एक. ‘दुर्बिणीने सांगितले होते आणि पोट फाडले’ अशी तक्रार घेऊन नातेवाईक भांडायला उभे राहतात. दुर्बीण आत गेल्यावर आतडे काळे दिसले, रक्त आले किंवा वाट सापडेना, तर सर्जनने पोट उघडायलाच हवे. तसा करार सहीच्या कागदावर असतो, तो वाचून सही करा. छिद्रांच्या हट्टापायी आत रेंगाळणाऱ्या सर्जनपेक्षा वेळेवर चीर घेणारा सर्जन मी माझ्या घरच्यांसाठी निवडेन.

ज्यांना अडथळा झालेला नाही, पण वर सांगितल्यासारखी जेवणानंतरची कळ वर्षानुवर्षे आहे, त्यांनी घाबरून उद्याच सीटी स्कॅनच्या रांगेत उभे राहू नये. त्यातल्या बहुतेकांना खरोखर पित्तच असेल. पुढच्या वेळी कळ आली की त्याच वेळी रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: जेवणानंतर किती वेळाने दुखते, कोणत्या कुशीवर बरे वाटते, उलटीचा रंग कोणता. पूर्वीच्या तपासण्यांचे आणि ऑपरेशनचे कागद बरोबर असू द्यात. आमच्याकडच्या पावसात ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेले बरे.